चौथ्या कडव्याला आलेला फेस

प्रभूमध्ये प्रिय वाउटरदादास,

धाकट्या तेउनिसचा सलाम. इकडे त्याच्या कृपेने सगळे बरे आहोत आणि स्वयंपाकघराची फरशी आज सकाळपासून कोरडी आहे. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींनी पाठवलेला मनुकांचा पाव पोचला. (तुझी भावजय पीटर्नेला म्हणते, तो वाखाणून लिहा. वाखाणला.)

मन ठिकाणावर नाही म्हणून लिहायला बसलो. गुरुवारी मंडळीच्या पंचांची सभा आहे आणि तिथे माझं नाव नवा पंच म्हणून सुचवणार आहेत. आजवर मी मागच्या बाकावर बसून पेपरमिंट चघळत प्रवचन ऐकणारा माणूस. आणि नेमका याच आठवड्यात माझ्या हातून रविवारी काम न करण्याचा नेम मोडला.

झालं असं. शनिवारी पीटर्नेलाने नेहमीसारखं रविवारचं सगळं रांधून ठेवलं, आणि मांसाचे गोळे तळलेली चरबी मी सिंकमध्ये ओतली. (का ओतली ते तू विचारू नकोस, तिचं विचारून झालंय.) सिंक तुंबलं. मग तिच्या आईच्या पद्धतीने वाटीभर खायचा सोडा, त्यावर व्हिनेगर, वर बूच, अर्ध्या तासाने उकळतं पाणी. पाणी उतरलं. मी देवाचे आभार मानले, जरा घाईनेच.

रविवारी सकाळची उपासना आटोपून जेवलो. खरकटी भांडी सोमवारसाठी रचून ठेवली, गावात सगळेच ठेवतात तशी. नळाला हातही लावला नव्हता, तरी सिंकमध्ये पाणी चढायला लागलं, आणि त्यात हिरवे वाटाणे तरंगत होते. आमच्याकडे वाटाणे शिजलेच नव्हते. पाणी काठाला आलं तेव्हा मी विचारलं, आज सोडा टाकणं हे काम होईल का? ती म्हणाली, "ओतणं म्हणजे काम नव्हे. उपसणं म्हणजे काम. ओता." ओतलं. फेस आला, पाणी हललं नाही. उरला रबरी वाटीचा दट्ट्या. पण त्याचा आवाज म्हणजे चिखलात गाय फसल्यासारखा, आणि एका विटेच्या भिंतीपलीकडे मारीनुस पंच राहतात. शेवटी ती पायपेटीवर बसली आणि बेचाळिसावं स्तोत्र मोठ्यांदा गायला लागली. मी तालावर दट्ट्या मारत होतो. आपल्याकडे स्तोत्र किती संथ गातात ते तुला ठाऊक आहे, त्यामुळे दट्ट्या कमी बसे आणि कडवी जास्त लागत. सगळं स्तोत्र दोनदा झालं तेव्हा पाणी गेलं.

सोमवारी मारीनुस टोपी हातात घेऊन दारात.

"काल बराच वेळ गात होता."

"हो."

"चौथ्या कडव्याला आमच्या सिंकमधून फेस वर आला. चरबीसकट."

माझे कान तापले. पण ते वाटाणे काही मनातून जाईनात. मी हळूच विचारलं, "रविवारी दुपारी सिंकपाशी कोण होतं, मारीनुस?"

ते टोपीच्या आत बघत म्हणाले, "बायको. कोपरापर्यंत हात बुडवून. तिला खरकटं बघवत नाही रे." मग म्हणाले, "गुरुवारी मी काही बोलणार नाही. तूही बोलू नकोस." आणि गेले.

दादा, त्या दिवसापासून झोप नाही. गप्प राहून पंच होऊ, की बोलून त्या माऊलीलाही उघडं पाडू? तू थोरला आहेस, सांग.

तुझा,
तेउनिस

ता. क. पत्र पाकिटात घातलं आणि राहवेना, म्हणून पाळकांकडे जाऊन आलो. फक्त माझं सांगितलं, वाटाणे गाळले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, प्रार्थना करताहेत. मग त्यांनी विचारलं, "सोडा आधी घातलास की व्हिनेगर?" आणि प्रवचनाच्या कागदामागे लिहून घेतलं.

ता. क. दुसरा. म्हणजे सल्ल्याची घाई नाही. तुझ्याकडची नळी साफ करायची तारेची लांब स्प्रिंग मात्र घेऊन ये. आमच्या ओळीतल्या चारही घरांची नळी एकच आहे, आणि शेवटचं घर पाळकांचं. सुरुवात तिथूनच कर, असं त्यांच्या बाईंनी सुचवलंय. शनिवारीच ये. रविवारी आम्ही चारही घरं गात असतो.