मधल्या कमांडवर मिळवलेला विजय

चि. आचलला देवरावकाकाचे अनेक आशीर्वाद.

नागपुरात तुझी तब्येत बरी असेल आणि खानावळीत भाताची आबाळ होत नसेल, असे धरून लिहितो. इकडे पोंभुर्ण्याला सगळे ठीक आहेत. (मी सोडून.)

आपल्या मच्छीमार संस्थेसाठी बनवलेले ॲप तू सभेत समजावलेस. बटन दाबले की ते ऐकणारा कंट्रोलर थेट तलावाच्या मॉडेलला, म्हणजे ॲपमधल्या तलावाच्या नोंदीला, हात लावत नाही. आधी एक कमांड बनते. काय करायचे आणि केलेले कसे उलटवायचे, दोन्ही तिच्यात बांधलेले. ती थोडी रांगेत थांबते, तोवर मागे घेता येते. मी जन्मभर मासळीच्या दलालांशी भांडलेला. बटन आणि काम यांच्यामध्ये कोणी उभे आहे म्हटल्यावर मला दुसरे काय दिसणार? उठलो आणि फ्रेंच राज्यक्रांतीपासून सुरुवात केली. (चहा थंड झाला तरी कोणी हलले नाही, हे तूही पाहिलेस.) मधला काढा, हा ठराव टाळ्यांत मंजूर झाला. तू एवढेच म्हणालीस, "काका, मंग मांगं घेता येनार नाई." खरा माणूस पाऊल मागे घेत नसतो, असे मी सुनावले. तू कमांड काढलीस आणि नागपूरची बस धरलीस.

परवा, तलावात माशांची पिल्ले नुकती सोडलेली असताना, मी जरीनाबाईंच्या दुकानात ॲपची थोरवी सांगत होतो. बोलताना माझे हात चालतात. फोन हातातच होता. अंगठा 'तलाव खुला' या बटनावर पडला आणि तत्क्षणी सगळ्या सभासदांना मासेमारी सुरू झाल्याचा निरोप गेला. धावत तलावाच्या बांधावर, पाळीवर पोचलो तर झिंग्यांची बारीक जाळी पाण्यात, आणि बोटाएवढी पिल्ले चिखलात तडफडताहेत. थांबा म्हणून ओरडलो. जाळे ओढणारा जंगूभाऊ शांतपणे म्हणाला, "काऊन थांबू, भाऊ? निरोप तुमचाच, अन् मधात कोनी नाई."

वाचली ती पिल्ले परत सोडली. पण संध्याकाळी सगळे म्हणू लागले, पोरीने कच्चे काम केले, रविवारच्या सभेत ॲपचे काम दुसऱ्याला देऊ. आचल, मी तिथेच होतो. शब्द नव्हते असे नाही. एकच वाक्य होते, फार लहान होते, आणि मी पाणी पीत राहिलो.

तुला तोंड दाखवायला लाजणारा,
देवरावकाका

ता.क. कमांड परत बसव. रविवारी मी कबुली देणार आहे. तोवर हे पत्र कोणाला दाखवू नकोस. भाषण तयार करतो आहे, ग्रीकांपासून सुरुवात आहे.

ता.क. दुसरा. वरचे सगळे मी तुला ॲपवरून पाठवले होते. ते सगळ्या सभासदांना गेले. मागे घेता येत नाही. (म्हणून ही प्रत टपालाने.) पाळीवर मोठ्याने वाचून झाले म्हणतात. जंगूभाऊचे उत्तर आले: "समजलं, भाऊ. काम पोरीकडंच राहीन. रविवारी भाषन नोको."