सर्व्हरची वाटणी

चकलांबा
३ नोव्हेंबर २०२४

चि. स्वप्नालीस अण्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे खुशाल आहेत. फोनवर बोलायला लागलो की भिंतीपलीकडे तुझ्या बद्रीकाकाचे कान टवकारतात, म्हणून हे पत्र टँकरच्या हरिओमजवळ देतो. तो दूध घेऊन पुण्याला येतोच आहे, तुझ्या ऑफिसच्या फाटकावर पोचवील.

आपल्या दूध संकलन केंद्रात सर्व्हर आला. पुण्याच्या डेअरीचा हट्ट, की कुणी किती लिटर घातलं आणि फॅट किती लागली हे आता वहीत चालणार नाही. गेवराईच्या कलीमने जुनीच पण धडधाकट पेटी आणून दिली. तिला तीन खण आहेत, दोनात एकेक डिस्क. यंदा पोळ्याला वेशीतून कुणाचा बैल आधी जायचा यावरून आम्हा भावांचं बोलणं तुटलं, ते तुला ठाऊक आहेच. घरात भिंत झाली, विहिरीचे वार ठरले, केंद्रात गाईचं दूध माझ्या काउंटरवर आणि म्हशीचं त्याच्या. राहिल्या या दोन डिस्क. पंचांनी जुनी रीत सांगितली आहे, की थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं.

दुधाचा प्रोग्राम तूच बसवणार आहेस. तेव्हा तो अशा बेताने बसव, की बद्री उचलील ती डिस्क भाकड निघावी आणि दुभती माझ्याकडे राहावी. तुझी आई म्हणते बापाने लेकीला असलं काही शिकवू नये. तिला सर्व्हरमधलं काय कळतं?

थंडी पडली आहे, स्वेटर घालत जा. बापाचा जीव तुझ्यात आहे, तुझा थोडा बापात असू दे.

तुझा अण्णा (सुंदरराव)

* * *

चकलांबा
३ नोव्हेंबर २०२४

चि. स्वप्नालीस बद्रीकाकाचा आशीर्वाद. वि. वि.

हरिओमने हे पत्र दुसऱ्या खिशातून काढलं असेल तर हसू नकोस. अण्णाने पण पत्र दिलं, हे मी भिंतीवरून पाहिलं. त्यात काय लिहिलं असेल तेही मला ठाऊक आहे, लहानपणी गोट्यासुद्धा तो असाच वाटायचा.

आधी उचलायचा मान माझा आहे. तू फक्त एवढं गुपचूप कळव, की दुधाचा प्रोग्राम कोणत्या डिस्कवर बसवलास. मी तीच उचलतो, मग अण्णा बसतो गाई हाकत. तू त्याची लेक आहेस, मान्य. पण मला लेकरू न्हाई, आणि तुला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत कोण सोडायचं हे आठवून बघ. तरीही तू अण्णाला तीर्थरूप लिहितेस आणि मला तीर्थस्वरूप. ही पण वाटणीच की.

हरिओम मधेच एक नाट लावतो. म्हणतो, हजार लिटरच्या खाली दूध भरलं तर टँकर चकलांब्यात वळणार नाही. आमचं दोघांचं मिळून अकराशे भरतं, वेगळं झाल्यावर कुणाचंच हजार भरायचं नाही. ते पुढचं पुढं बघू. तुझ्या काकूने शेंगदाण्याची चटणी दिली आहे, ती हरिओमने वाटेत उघडली नसेल तर तुला मिळेल. काकाला विसरू नकोस, एवढंच मागणं.

तुझा काका, बद्रीनाथ

* * *

पुणे
१० नोव्हेंबर २०२४

ती. अण्णांना स्वप्नालीचा शि. सा. न. वि. वि.

काम झालं. केंद्रातल्या शाईस्ताने केबल जोडून दिली आणि मी इथून सगळं बसवलं. पोरगी हुशार आहे, एकदा सांगितलं की पुन्हा विचारत नाही. तिचं ऐकत जा.

सर्व्हरवर काय कुठे बसवायचं याची आमच्या कामातही एक रीत आहे. मशीन सुरू करणारी यंत्रणा आणि प्रोग्राम एका डिस्कवर, माणसांची माहिती दुसरीवर. प्रोग्राम बिघडला तर तासाभरात पुन्हा बसवता येतो. माहिती गेली तर ती कुठून आणणार? तुमच्या दोनशे बारा दूध घालणाऱ्यांची नावं, त्यांचे लिटर, त्यांची फॅट, सगळं दुसऱ्या डिस्कवर आहे. तुम्ही दुभती मागितली होती, ती हीच. काका पहिलीच उचलतील असा माझा अंदाज आहे.

यात मी एकही अक्षर खोटं लिहिलेलं नाही, हे पत्र जपून ठेवा. पण अण्णा, टँकरच्या हजार लिटरच्या अटीचं ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तुमचं केंद्र बंद पडलं तर गावातल्या बायांनी कॅन डोक्यावर घेऊन कुठे जायचं? आणि पेटीत तिसरा खण रिकामा आहे, तो कुणाचा हे पंचांनी विचारलं नाही. तुम्हीही नाही.

आईला नमस्कार. रागावलात तरी चालेल, अबोला नको.

तुमची स्वप्नाली

* * *

पुणे
१० नोव्हेंबर २०२४

ती. बद्रीकाकांना स्वप्नालीचा शि. सा. न. वि. वि.

बघा, तीर्थस्वरूपातला ‘स्व’ काढून टाकला. आता तरी रुसवा सोडा.

प्रोग्राम पहिल्या डिस्कवर आहे. तिच्याशिवाय सर्व्हर सुरूसुद्धा होणार नाही. तुम्ही हेच विचारलं होतं, तेवढंच सांगितलं. दुसरीवर काय आहे ते तुम्ही विचारलं नाहीत. सायकलची दांडी मी विसरलेले नाही, बसायला लई टोचायची.

चटणी अर्धीच पोचली. हरिओमला माझा नमस्कार सांगू नका. तुमचा लोभ आहेच, तो भिंतीच्या दोन्ही बाजूंनी वाढावा.

तुमची स्वप्नाली

* * *

चकलांबा
१७ नोव्हेंबर २०२४

चि. स्वप्नालीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज पंचांसमोर वाटणी झाली. बद्रीने पुढे होऊन पहिली डिस्क उचलली आणि वर पेढे वाटले. मी चेहरा पाडून उभा होतो, पोटात मात्र हसू मावत नव्हतं. लेक असावी तर अशी. जुनी पेटी त्याच्याकडे गेली, माझ्यासाठी कलीमने दुसरी आणली. उद्या सकाळच्या दुधाला दोघांचं काम वेगवेगळं सुरू. तुझ्या तिसऱ्या खणाचं मला काही कळलं नाही, सवडीने सांग.

घाईत आहे, माया तेवढीच आहे.

तुझा अण्णा

* * *

चकलांबा
२४ नोव्हेंबर २०२४

चि. स्वप्नालीस आम्हा दोघांचे आशीर्वाद. वि. वि.

अक्षर माझं, बद्रीकाकाचं आहे. सांगतोय अण्णा, आणि मधे मधे मी त्याचं दुरुस्त करतोय.

सोमवारी सकाळी माझा कॉम्प्युटर झोकात सुरू झाला. प्रोग्राम उघडला आणि दूध कुणाचं म्हणून विचारायला लागला, पण त्याच्या यादीत एक नाव असेल तर शपथ. अण्णाच्या पेटीत गावाची सगळी नावं होती, पण ती पेटी सुरूच होईना. बाहेर कॅनची रांग लागली. रांगेतल्या बायनाबाईने सगळ्यांदेखत आम्हाला विचारलं, की दूध नासायच्या आधी तुमची डोकी काहून नासली? ती तिच्या चाळीस लिटरसह शेजारच्या गावाला निघालीच होती. शाईस्ता म्हणाली, तुमी दोघं एका टेबलापाशी उभं ऱ्हात असाल तर मी दोन्ही डिस्का एका पेटीत घालते, दोन खोल्यांत पळायला मी बसले न्हाई. मग काय, उभे राहिलो. पोळ्यानंतर पहिल्यांदा अण्णाच्या इतक्या जवळ. त्याला पडद्यावरचं बारीक अक्षर दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. नावं मी वाचली, लिटर त्याने सांगितले. टँकरला अकराशे वीस लिटर गेलं.

चहाला बसल्यावर दोघांनी तुझी पत्रं काढली, शाईस्ताने ती मोठ्याने वाचली. खोटं खरंच एक अक्षर नव्हतं. पोरी, आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग दोघांनाही लाज वाटली. तुला आम्ही एकमेकांविरुद्ध काय काय सांगितलं! अण्णा म्हणतो हे लिहू नको. मी लिहिलं.

विहिरीचे वार मोडले. भिंतही पाडणार होतो, पण तुझी आई आणि काकू, दोघी आडव्या आल्या. म्हणतात बोलताना टेकायला बरी पडते.

आता तिसऱ्या खणाचं. शाईस्ताने सांगितलं, तिसरी डिस्क दोन्हींच्या नकलेसाठी असते आणि शहाणे लोक नक्कल त्याच घरात ठेवत नाहीत. थोरल्याने वाटे करायचे, धाकट्याने उचलायचं, या रीतीत लेकीचं नाव कुठेच नव्हतं, हे आम्हाला इतक्या वर्षांत सुचलं नाही. तेव्हा कलीमकडून तिसरी डिस्क आणली, तिच्यावर सगळं उतरवलं आणि या पत्राबरोबर पाठवली आहे. हा तुझा वाटा, पंचांच्या कागदावरही चढवला आहे. पुढच्या वेळी चटणीचा डबा हरिओमच्या हाती देणार नाही, डिस्क मात्र दिली आहे, ती त्याला खाता येत नाही.

पोळ्याला ये. कुणाचा बैल आधी ते तूच ठरव. ऐकावंच लागेल, गावाचं सगळं दूध आता तुझ्या कपाटात आहे. आमच्या दोघांवर सारखीच माया ठेव, मोजून घेणार आहोत.

बद्रीनाथ
सुंदरराव (सहीची जागा मी वाटली, उचलली त्याने आधी)