खुर्ची आणि किल्ली

महाड, मंगळवार, संध्याकाळ

सुनंदाने आज सगळ्या बायकांसमोर माझ्यासाठी खुर्ची मांडली, म्हणून लिहायला बसले.

माझी गर्भपिशवी काढली तेव्हापासून या धाकट्या जावेने मला बाळंतिणीसारखं सव्वा महिना खाटेवर ठेवायचं ठरवलं होतं. डॉक्टरीणबाई रोज थोडं थोडं चालायला सांगत होत्या, पण ते ऐकतं कोण? समाजमंदिरातला माझा व्यायामवर्गही तिने घेतला. "तुम्ही बऱ्या होईपर्यंत," म्हणत किल्ली नेली.

आज तपासणी झाली. चाला, हात हलवा, पण बैठका, उड्या, वजन उचलणं इतक्यात नको, असं बाईंनी सांगितलं. तिथून मी सरळ वर्गावर गेले. तर ती खुर्ची.

"बसा ताई. आता तुमच्याने काय व्हायचं नाय."

तिथल्या तिथे बैठका मारून दाखवाव्या, असं वाटलं. पण आतले टाके उसवले तर भोगणार मीच. मग त्याच खुर्चीत बसले आणि म्हटलं, "मी आकडे मोजते. सुनंदा, तू पुढे उभी राहून बैठका दाखव."

मोजायची मी घाई केली नाही. ती खाली गेली की आकडा लांबवायचे. वाईट वागले का? वागले.

मागून शेवंतामावशी म्हणाल्या, "काय गो सुनंदा, टाके तुला पडलेत काय?"

बायका हसल्या. सुनंदा भिंतीला टेकली. "बास ताई, पायांत जीव नाय ऱ्हायला."

तिला खुर्ची दिली. तिच्याकडून किल्ली घेतली.