गोड नाही

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
माग बंद. शुक्रवार हाच माझा कामाचा दिवस. बाकीच्या दिवशी निजामपुऱ्यात माइक लावला तर माझ्यापेक्षा लूमच जास्त ऐकू येतात. खिडकीला गादी लावली, डोक्यावरून गोधडी घेतली. दुपारच्या नमाजाचा भोंगा बंद होईपर्यंत थांबले, मग सलग वाचलं.
ऑडिओ मालिकेचा भाग ४१. विराज जिन्यात तन्वीची वाट अडवतो. ती म्हणते, "नाही. मला जाऊ दे." तो म्हणतो, "तोंडाने नाही, डोळे तर हो म्हणतायत." पुढचं वाक्य: ती लाजली.
तिथे जीभ अडली. ती का लाजली, हे आधीच्या ओळीत कुठेच नाही. पुन्हा मागे जाऊन पाहिलं. नाही.
वाचून पाठवून दिलं.

सोमवार, १० नोव्हें.
संपादक मॅडमचा फोन. आवाज छान, उच्चार स्वच्छ, पण... "ते 'नाही' जरा गोड करून दे गं. तू असं म्हणतेस की तो खरंच निघून जाईल."
मी म्हटलं, जायलाच हवं ना.
हसल्या. "मग ४२व्या भागात मी कोणाला आणू? ऐकणाऱ्यांना माहीत असतं गं, गोष्ट आहे म्हणून. तू फार जड पुस्तकं वाचून आली आहेस."
२१च्या शुक्रवारी पुन्हा करून द्यायचं. नाहीतर मालिका दुसऱ्या आवाजाकडे. चिडून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.
बाबांना सांगितलं नाही. लगेच सुरू होतील: राहनाळच्या गोडाऊनच्या ऑफिसात जागा आहे, साहेबांशी बोलतो. हे एकच काम मी कोणाच्याही ओळखीशिवाय मिळवलंय.

मंगळवार, ११ नोव्हें.
आरशासमोर "नाही" गोड करून पाहिलं. शेवटचा स्वर थोडा लांबवायचा, खालून वर न्यायचा. जमलं. पहिल्या फटक्यात जमलं, याचंच वाईट वाटलं.
आत्याने मला असं शिकवलं नव्हतं. दम्यामुळे शाळेत उशिरा गेले, तोवर अंजूरला तिच्याकडे. तिच्या पत्र्याच्या पेटीतल्या जाड जुन्या कादंबऱ्यांवर मी अक्षरं जुळवली. ताठ बसून वाचायची ती, अगदी पुस्तकी मराठीत. त्या नायिका "नाही" म्हणाल्या की पुढची ओळ वाचायच्या आधी आत्या जरा थांबायची. पातळ प्रेमकथांकडे बघून नाक मुरडायलाही तिथेच शिकले. आता त्यांच्यावरच पोट.
आत्याला हे कसं सांगू.

गुरुवार, १३ नोव्हें.
खालच्या मजल्यावरच्या फरीदा आपा शिवण करताना मालिका ऐकतात. त्यांना दोन्ही "नाही" म्हणून दाखवली, ७ तारखेचं आणि गोड.
मशीन थांबवून ऐकलं. "पहले वाला सच्चा है. लेकिन बेटा, ऐसे बोलेगी तो वो अगले हफ़्ते आएगा ही नहीं. फिर मैं फॉल लगाते-लगाते क्या सुनूँ, तेरे बाबा की खाँसी?"
मी म्हटलं, आपा, कोणी तुमचा रस्ता अडवला असता तर?
"सुई थी ना हाथ में." मग मान खाली घालून टाका घालता घालता, "वो सच में था. ये तो कहानी है. इसमें डर नहीं लगता, इसीलिए तो सुनती हूँ."
 

रविवार, १६ नोव्हें.
अंजूर. आत्या ओटीवर वाल सोलत होती. मी सांगण्याआधीच तिने पिशवीतून मोबाइल काढला. सगळे भाग ऐकलेत! "तुझा आवाज हाय म्हणून सुरू केलं गो बाय. आता तन्वीसाठी ऐकते."
मी म्हटलं, आत्या, तू? त्या पेटीतल्या बायका सोडून ही?
"त्या बाया लय भारी. पण न्हाय म्हणाली की एक विहिरीत, एक तापानं, एक नुसती झुरून. एक तरी दुसऱ्या दिवशी उठून भांडी घासताना दाखवली का? ही तुझी येडी हाय, पण जिती तरी हाय."
मग मला तीच पुस्तकं का वाचायला दिलीस, विचारलं.
"घरात तीच व्हती."
आत्या सासर सोडून आली तेव्हा मी जन्मले नव्हते. कारण कधी विचारलं तर एवढंच म्हणते, "मी न्हाय बोलले." त्यानंतर इतकी वर्षं ती वालच सोलतेय, भात लावतेय, हसतेय. हिला मी आजवर त्या पुस्तकांतल्या बायकांत मोजलंच नव्हतं.
तेवढ्यात गोडाऊनवाल्यांचा माणूस आला. खाडीकडच्या तिच्या जमिनीच्या तुकड्यासाठी.
"मावशी, आजूबाजूच्या सगळ्यांनी दिली."
"न्हाय."
"म्हणजे नव्या वर्षात बघू, असं समजू का?"
"न्हाय. बस. चाय ठेवलीय."
दोन्ही वेळा तोच आवाज. वर नाही, खाली नाही. राग नाही, कारणंही नाहीत. तो खरंच बसला. चहा प्यायला, कप पालथा ठेवला, गेला. आत्याने पुन्हा वाल हातात घेतले.
परतीच्या रिक्षात मी तोंडातल्या तोंडात तिचं "न्हाय" म्हणत होते. रिक्षावाला आरशातून बघायला लागला.

बुधवार, १९ नोव्हें.
मॅडमना विचारलं: 'ती लाजली' एवढं वाक्य गाळलं तर? "मजकूर लेखकाचा आहे." बरोबर आहे. मजकुराशी मी कधी खेळले नाही, खेळणारही नाही. मग न वाचणं म्हणजे खेळणंच की.
डोकं दुखतंय.

शुक्रवार, २१ नोव्हें.
माग बंद. गादी, गोधडी.
आधी गोड केलं. चांगलं झालं, अगदी मॅडमना हवं तसं. ऐकलं आणि पुसलं.
मग आत्याच्या आवाजात, पण "नाही"च म्हटलं, मजकुरात आहे तसं. तिच्यासारखीच जरा थांबले. विराजचं वाक्य त्याच्या जागी वाचलं. 'ती लाजली' वाचलं नाही. पाठवताना खाली लिहिलं: एक वाक्य वाचलेलं नाही, विसरून नव्हे. चालणार नसेल तर दुसऱ्या आवाजाकडे द्या, माझी तक्रार नाही.
"तक्रार नाही" खोडलं. आहे.
बाबांनी आल्या आल्या विचारलं, झालं का काम? म्हटलं, पाठवलंय. त्यांनी चपला काढता काढता माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.
मॅडमचा मेसेज: ऐकलं. फोन करते.
आधण ठेवलं. पत्ती सांडली. आपा खालून ओरडतायत, "क्या हुआ रे उस विराज का? गया कि नहीं?"
फोन वाजतोय. आधी चहा गाळते.