कशामुळे आणि कशावरून

प्रिय चिमणे,

पत्र उघडताच म्हणशील, ढापणीला आज कशी आठवण झाली. आठवण रोजच येते गं. लिहायचा धीर मात्र आज झाला.

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षी आपल्या वॉर्डात होते, ते म्हातारे शिंपीकाका आठवतात? खुब्याचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले तरी पलंगावरून पाय खाली टेकवेनात. त्यांच्या शुश्रूषेचा आराखडा, आपला तो केअर प्लॅन, माझ्याकडे होता. नर्सिंग निदानाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'खुब्याचं हाड मोडल्यामुळे चालत नाहीत, स्वभाव हट्टी.' होस्टेलच्या खोलीत ते वाचून तू इतकी हसलीस की मला रडू फुटलं. मग शेजारी बसून म्हणालीस, "मोडलेलं हाड हे डॉक्टरांचं निदान, त्यांनी ते जोडलंय. आणि हट्टी म्हणजे तुझा वैताग. त्यांना त्रास काय होतोय, कशामुळे आणि कशावरून, एवढं सांग." मला सांगता येईना. तशी दुसऱ्या दिवशी दुपारी मला हाताला धरून वॉर्डात नेलंस आणि त्यांच्यापाशी स्टुलावर बसवलंस.

 काका म्हणाले, "न्हाणीघरात पडलो तेव्हा दोन तास हाका मारत होतो, पोरी. कुणाला ऐकू गेलं नाही." बोलताना दोन्ही हातांनी पलंगाचे कठडे घट्ट धरलेले. बाहेर आल्यावर तू सांगितलंस आणि मी लिहिलं: 'पुन्हा पडण्याच्या भीतीमुळे हालचाल कमी, कठडे सोडत नाहीत, उभं करताना थरथरतात, "सोडू नका" म्हणतात.' कारण कळलं तसे उपायही सुचत गेले. घंटी उशाशी आली, उभं करताना दोघी दोन बाजूंना राहू लागलो. चौथ्या दिवशी काका खिडकीपर्यंत चालत गेले आणि खालच्या माणसांच्या शर्टांची शिलाई कशी वाकडी आहे ते आपल्याला दाखवू लागले.

ट्यूटरबाईंनी तो प्लॅन वर्गात वाचून दाखवला, माझं कौतुक केलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. तू शेजारीच होतीस, पण चकार शब्द काढला नाहीस. त्याच प्लॅनमुळे बाईंनी माझी शिफारस केली आणि मला ही हॉस्पिटलातली नोकरी लागली. तुझी नोकरीही ठरली होती, पण वडिलांना अर्धांगवायू झाला आणि तू घरी परतलीस. अकरा वर्षं त्यांचं सगळं केलंस. मी भेटायला यायचे, फळं ठेवून निघायचे, आणि ते कौतुक खरं तुझं होतं, ही एक गोष्ट दर वेळी तोंडातच राहायची.

गेल्या सोमवारी इथल्या नर्सिंग कॉलेजात शिकवण्याच्या जागेसाठी माझी मुलाखत झाली. नर्सिंग निदान लिहायला कुणाकडून शिकलात, असं प्राचार्य बाईंनी विचारलं. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, तुझ्या नावानिशी. वर्गात गप्प राहिले तेही. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "त्या सध्या काय करतात?" वडील गेल्यापासून तू घरीच असतेस, पण नर्सिंगच्या नोंदणीचं नूतनीकरण कधी चुकवलं नाहीस, हे मला तुझ्या वहिनीकडून कळलंय. तेही सांगितलं.

माझी निवड झालीय. दुसरी जागा अजून भरायची आहे आणि प्राचार्य बाईंनी तुला भेटायला बोलावलंय. सोबत अर्ज पाठवतेय, मुदत महिनाअखेरपर्यंत. तो प्लॅन तुझा होता, हे लिहून सही केलेला कागदही जोडलाय. फक्त अनुभवाचा रकाना कोरा सोडू नकोस, चिमणे. तिथे वडिलांची अकरा वर्षं लिही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला एवढ्या वर्षांत एकही जखम होऊ दिली नाहीस तू.

तुझीच ऋणी,
ढापणी