मंगळवारची साक्ष

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज पुन्हा टाळ्या! व्लात्कोला दहा महिने झाले, दारूचा थेंब नाही. सगळ्या क्लबाने वाजवल्या, मीसुद्धा. आणि मी? घरच्यांनीही प्यायची नाही हा तिथला नियम, म्हणून रविवारची माझी सोडा घातलेली वाइनही दहा महिने बंद आहे. ती मोजतंय कोण?

दारू सोडणाऱ्यांचा हा क्लब शोधला कुणी? मी. तो इस्पितळातून सुटून आला तेव्हा सिसाक शहरभर फोन फिरवले. "बायको बरोबर येणार असेल तरच घेतो," असं तिहोमिर म्हणाला. क्लब तोच चालवतो. पहिले तीन मंगळवार नवऱ्याला दंडाला धरून जिना चढवला. आता हाच माझ्याआधी कोट घालून दारात उभा असतो. "ल्येर्का, आटप की!"

३० सप्टेंबर, मंगळवार

ब्लाझेंका. शिवणकाम करते, सहा वर्षं प्यायलेली नाही, स्वतः शिवलेल्या लाल कोटात बहिणीला घेऊन येते. हसली की सगळी खोली हसते. तिने आज सहज विचारलं, "व्लात्को, पहिला घोट कधी घेतलास रे?" आणि हा सांगायला लागला! सात वर्षांचा होता. बाप द्राक्षमळ्यातून वाइन आणायला पाठवायचा. सांडली तर मार बसायचा, म्हणून सुरई काठापासून दोन बोटं पिऊन मग घरी न्यायचा.

बावीस वर्षं संसार केला. मला यातलं अक्षर माहीत नव्हतं. तिथे सगळ्यांचे डोळे पाणावले, माझेही पाणावले. पण ते रागाने.

३ ऑक्टोबर

आज याने दाढी केली. शुक्रवारी. कशासाठी?

१४ ऑक्टोबर, मंगळवार

तलफ आली तर एकमेकांना फोन करायचा, असं तिहोमिरने सगळ्यांना सांगून ठेवलंय. व्लात्को परसात जाऊन ब्लाझेंकालाच करतो. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहते. एवढी तलफ येते रोज? मी घरातच आहे की! मला हाक मारता येत नाही?

दारू प्यायचा तेव्हा तरी माझा होता. बूट मी काढायचे, ओकलेलं मी पुसायचे, पोस्टात "ताप आहे" म्हणून मी खोटं बोलायचे. माझ्यावाचून त्याचं पान हलत नव्हतं. आता क्लबात माझं एकच काम. तो म्हणतो, "आठवडा चांगला गेला." तिहोमिर माझ्याकडे वळतो, "खरंय का, ल्येर्का?" मी म्हणते, "खरंय." घरच्या माणसाने हो म्हटल्याशिवाय तिथे दिवस धरत नाहीत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शेजारीण कुंपणावरून सांगून गेली. तुमचा पोस्टमन कामाच्या वेळेत बसथांब्यावर बसलाय, टपालाची सायकल झाडाला टेकवून. शेजारी एक बाई. त्याचा हात हातात घेतलेली. लाल कोट. म्हणजे तीच!

तो अंधार पडल्यावर आला. मी तोंड पाहिलं नाही. बिछाना बाहेरच्या खोलीत टाकून दिला, जेवण झाकून ठेवलं, दार लावून घेतलं. तोही जवळ आला नाही. येईलच कशाला?

८ नोव्हेंबर, शनिवार

दिवसभर दोघांनी हिवाळ्यासाठी आंबवायचा कोबी किसला. पिंप भरलं, मीठ घातलं, वर दगड ठेवला. चार वाक्यं बोललो असू. एकदा म्हणाला, "ल्येर्का, तुला काही सांगायचं होतं..." मी म्हटलं, "आधी मीठ दे." मला ऐकायचंच नव्हतं. ती बाई आवडते असं म्हणाला असता तर मी काय केलं असतं?

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज सेंट मार्टिनचा सण. गावभर नवी वाइन, आणि आम्ही क्लबात सफरचंदाच्या रसावर. पुढच्या मंगळवारी व्लात्कोचं वर्ष भरणार होतं. केक कुणी करायचा यावर बोलणं चाललं होतं. ब्लाझेंका म्हणाली, "अक्रोडाचा मी करते, त्याला आवडतो." त्याला काय आवडतं ते ही सांगणार!

मग नेहमीचं. तो खाली बघत म्हणाला, "ठीक गेला आठवडा." तिहोमिर वळला. "खरंय का, ल्येर्का?"

मी म्हटलं, "नाही. शनिवारी प्यायला."

धडधडीत खोटं. शनिवारी तर माझ्यासमोर किसणी चालवत होता. आता हा उसळेल, मला सगळ्यांदेखत खोटी पाडेल, मग मीही त्या लाल कोटाचं काढीन, अशी मी तयारीत होते.

व्लात्को उठून उभा राहिला. "शनिवारी नाही," म्हणाला, "गुरुवारी."

मग सांगत गेला. टपालाच्या वाटेवर प्रत्येक फाटकात पोस्टमनपुढे नव्या वाइनचा पेला येतो. नाही म्हटलं की माणसं रुसतात. अकरा फाटकांत नाही म्हणाला, बाराव्यात घेतला. मग दुसरा. तिसरा भरल्यावर ब्लाझेंकाला फोन केला. ती मशीनवरून उठून धावली, तीन तास थांब्यावर त्याला धरून बसली. "तिने बजावलं होतं, मंगळवारच्या आत ल्येर्काला सांग. माझ्याने झालं नाही."

तिहोमिरने वहीत त्याचे दिवस खोडले. शुक्रवार पुन्हा पहिला दिवस. ब्लाझेंका माझ्याकडे बघत होती, पण रागाने नाही. तेच सोसवेना.

घरी येताना त्याचा तोल नीट असूनही मी त्याचा दंड धरला होता. शनिवारचं तो काहीच बोलला नाही.

१२ नोव्हेंबर

सकाळी विचारलं, "तिला सांगितलंस, मला का नाही?" कप विसळता विसळता म्हणाला, "मी प्यायलो हे ऐकून तुला बरं वाटलं असतं."

वाटलं. काल "गुरुवारी" ऐकलं त्याच क्षणी वाटलं.