जावयाची नाडीपरीक्षा

वुडलँड्स, सिंगापूर
८ मार्च २०१५

तीर्थस्वरूप अण्णा,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये मी आडवा मावत नाही, तेव्हा उभ्याउभ्याच गोड मानून घ्यावा. तुमचा गुडघा काय म्हणतो? सासूबाईंचं ब्लडप्रेशर? (ते त्या तुम्हाला मोजू देत नाहीत, यावरूनच त्यांची तब्येत उत्तम असणार.) उल्का आणि इरा तुमच्याकडे सुखात आहेत हे फोनवर रोज कळतं. फोन उल्काच उचलते, म्हणून तुमच्याशी बोलणं होत नाही, म्हणून हे टपाल. जावयाचं पत्र आलं म्हणजे पूर्वी एक तर घरात पाळणा हललेला असायचा, नाहीतर नोकरी गेलेली असायची. पाळण्यातली आता आठ वर्षांची आहे आणि नोकरी मी गेल्या वर्षी स्वतःच सोडली, तेव्हा घाबरू नये.

बेचाळिसाव्या वर्षी बँकेतली कॉम्प्युटरची बरी चाललेली नोकरी सोडून जावई डॉक्टर व्हायला निघाला, हे कराडात चारचौघांना सांगताना तुमची काय कुचंबणा होत असेल ते मी जाणतो. इथलं एक मेडिकल कॉलेज माझ्यासारख्या घोड्यांनाही घेतं, पण आधी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकून या म्हणतं. म्हणून बिशानचा फ्लॅट सोडला, उल्का आणि इरा ‘वर्षभरासाठी’ माहेरी आल्या आणि मी मिसेस लिम नावाच्या घरमालकिणीच्या मागच्या खोलीत राहून युनिव्हर्सिटीत जाऊ लागलो. वर्गातली मुलं एकोणीस-वीस वर्षांची. मला अंकल म्हणतात. (इथे टॅक्सीवाल्यालाही अंकलच म्हणतात, त्यामुळे मान मिळाला की पायरी दाखवली, ते अजून कळलेलं नाही.)

पहिली फजिती मेंढीच्या हृदयाची. ते कापायचं होतं. ट्रे समोर आला, हातात सुरी आली, आणि काय झालं कोण जाणे, सुरी बाजूला ठेवून मी डोळे मिटून हात जोडले. खंडेनवमीला शस्त्रांना करतो तो नमस्कार म्हणा, नाहीतर मेंढीची माफी म्हणा, विचार करायला वेळच मिळाला नाही. डोळे उघडले तर माझी जोडीदारीण मे लिंग हात जोडून उभी, तिच्या पलीकडचे दोघे तसेच, आणि बघता बघता अख्खा वर्ग. ‘‘अंकल, मस्ट प्रे फर्स्ट, इज इट?’’ असं तिने हळूच विचारलं. सर आत आले तेव्हा तीस मुलं मेंढीपुढे नतमस्तक होती. त्यांनी आपली छापील कृती दोनदा चाळली, कुठली पायरी राहून गेली ते बघायला. पुढच्या आठवड्यात बेडूक होता, तेव्हा मी हात खिशातच ठेवले.

दुसरी फजिती ऐकून तुम्ही रागवाल, आणि रागवावंच. प्रवेशासाठी आजारी माणसांत वावरल्याचा दाखला लागतो, म्हणून मी दर रविवारी टॅम्पिनीसच्या एका वृद्धाश्रमात जातो. तिथे टॅन आजोबा आहेत, वय चौऱ्याऐंशी. दुपारी त्यांना बार्लीचं पाणी विचारलं, त्यांनी हातानेच नको म्हटलं. आता अण्णा, तुमच्याकडे माझ्या पानात चौथी पुरणपोळी कशी पडली होती ते आठवा. पहिलं नको रीत म्हणून, दुसरं भीड म्हणून, आणि तिसऱ्यानंतरही वाढलं नाही तर पाहुणा गावभर बोलतो. मी आग्रह केला. आजोबा हसले आणि तीन पेले प्यायले. तेवढ्यात सिस्टर धावत आली. त्यांचं हृदय अशक्त, दिवसाचं पाणी मोजून द्यायचं, आणि हे पलंगाच्या डोक्याशी ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. मी माणसाकडे बघत होतो, पाटीकडे नाही. सिस्टरने माझी बिनपाण्याने केली. संध्याकाळपर्यंत मी आजोबांच्या पायांची सूज आणि श्वास बघत बसलो. सुदैवाने काही झालं नाही.

हा आपला प्रांत नव्हे असं ठरवून पुढच्या रविवारी मी गळ्यातलं ओळखपत्र परत करायला गेलो. सिस्टर म्हणाली, आजोबा आठवडाभर विचारतायत, तो परत परत विचारणारा कुठे गेला? त्यांचा मुलगा सहा वर्षांत फिरकलेला नाही. आश्रमातली माणसं चांगली आहेत, पण ती एकदाच विचारतात, आणि नको म्हटलं की तसं लिहून ठेवतात. मी आधी पाटी वाचली, मग शेजारी बसलो आणि त्यांचं मनगट हातात घेतलं. नाडी सापडायला बराच वेळ लागला, पण त्यांना घाई नव्हती.

तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली, ती तुम्हाला कधी सांगितलेली नाही. मी मुलगी बघायला आलो त्या दिवशी पोह्यांची बशी हातात असतानाच शेजारच्या तुमच्या दवाखान्यात एक म्हातारी आली. ‘आलोच’ म्हणून तुम्ही उठलात ते अर्धा तास आलाच नाहीत. मधलं दार उघडं होतं. तिच्या मनगटावर बोटं ठेवून तुम्ही तिच्या सुनेविषयीचं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलंत. मी ते बघत राहिलो, आणि मुलगी येऊन, बसून, आत निघूनही गेली. (उल्का अजून म्हणते, तुझं लग्न अण्णांशीच ठरलं होतं.) तेव्हापासून मला तसं बसायचं आहे. इतकी वर्षं ही हौस मी बँकेत नेऊन परत आणत होतो.

पण आता पुरे झालं. शिकतानाच घर घालवून बसलास, असं तुम्ही मागे म्हणालात ते खरं आहे. इरा इथून जाताना सिंगापुरी इंग्रजीत ‘डोन्ट वॉन्ट लाह’ म्हणून रडत विमानात बसली, आणि परवा फोनवर अस्सल कराडी सुरात विचारते, ‘‘बाबा, काय करालायस?’’ मी खूप हसलो, मग फोन ठेवून घासलेलीच भांडी पुन्हा घासली. उल्काला तिथल्या कॉलेजात गणित शिकवायची कायमची जागा मिळते आहे म्हणे. मी छान म्हटलं. तिचं मन तिथे रमत असेल तर तिने राहावं, माझी काही हरकत नाही. माझ्या प्रवेशाचं काही खरं दिसत नाही, बँक परत घेईलच. सासूबाईंना नमस्कार, इराला पापा, आणि जिने जपून चढावे.

तुमचा,
प्रताप

ता. क. मेतकूट संपलंय हे उल्काला सांगू नये. ती पाठवत बसेल.

आणखी ता. क. प्रवेशाचं लिहिलं ते खोटं आहे. प्रवेश मिळाला. मंगळवारी पत्र आलं. चार वर्षं. एकतीस मार्चच्या आत हो किंवा नाही कळवायचंय. तुमच्याआधी कुणालाही सांगितलेलं नाही. बँकेला मी विचारलेलंही नाही.

शेवटचा ता. क. ‘हरकत नाही’ हेसुद्धा खोटं. हरकत आहे. मला उल्का आणि इरा इथे हव्या आहेत आणि डॉक्टरही व्हायचंय. सगळं एकदम मागायची लाज वाटते, म्हणून इतकी पानं मेंढीवर घालवली. फोनवर विचारायला जातो, आणि तिचा आवाज आला की ‘जेवलीस का’ एवढंच विचारून होतं. तेव्हा एक करा, हे पत्र तिच्या हातात द्या आणि तुम्ही दवाखान्यात जाऊन बसा. ती नाही म्हणाली तर मी कॉलेजला नाही कळवेन, आणि जन्मात बोलून दाखवणार नाही.

उल्का, आता तू वाचते आहेस ना? ये ना गं.